ज्यांचे नाव कोणी घेत नाही

१

गुरुवारी तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपून मुनव्वर तांडेल आखातातल्या फहाहीलच्या आपल्या घरी परते, तेव्हा रबियाने शेगडीतले निखारे ऊददाणीत घेतलेले असत. चटईवर पांढऱ्या रुमालाखाली ताट झाकलेले असे: वेलची घातलेला शिरा, तांदळाची भाकरी, आणि शेजारी पाण्याचा पेला. खोलीत याखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. चुन्याने सारवलेल्या चार उघड्या भिंती, एक पत्र्याची पेटी, पूर्वेला समुद्राकडची खिडकी आणि पश्चिमेला अंगणात उघडणारे दार. मुनव्वर पाय धुऊन ताटापाशी बसे, फातेहा पढे, आणि शेवटी हात उचलून, त्या पुण्याचा धनी म्हणून, एकच नाव घेई. ‘याचा सवाब अब्बास वल्द मुनव्वर याच्या रूहाला पोहोचो.’ मग सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत ती दोघे एक अक्षर न बोलता बसून राहत.

अब्बास त्यांचा एकुलता मुलगा. दुसऱ्या महायुद्धात, मिसरूड फुटायच्या वयात, तो मुंबईहून एका मालवाहू आगबोटीवर भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून चढला, आणि ती बोट दूर पश्चिमेच्या कुठल्याशा समुद्रात बुडवली गेली. त्या समुद्राचे नाव रबियाला आजतागायत नीट उच्चारता येत नव्हते. प्रेत नाही, कबर नाही, कुठल्या भिंतीवर दोन अक्षरे नाहीत. जे काही उरले होते ते या गुरुवारच्या ताटापाशी होते.

अजानीच्या थोडे आधी रबिया मान वर करी आणि हलकेच म्हणे, “आला हो, अब्बासचे बाबा.”

ती पेल्याकडे बोट दाखवी. पाणी किंचित उतरलेले असे. फहाहीलच्या हवेत दोरीवर टाकलेला ओला सदरा वळून घरात शिरेपर्यंत वाळतो, हे मुनव्वरला ठाऊक होते, आणि ते बोलून दाखवण्याचे त्याच्या मनात कधीही आले नाही. त्या एका शब्दावर त्या घराचे पुढचे आठ दिवस चालत. रबिया त्या संध्याकाळी पोटभर जेवत असे, आणि क्वचित हसतही असे.

२

मुनव्वर अहमदीच्या टेकडीवर, तेलकंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या एका क्लबात हेड बेअरर होता. त्या धंद्यात माणसाचे कान डोळ्यांपेक्षा अधिक तयार होतात. रिकाम्या दालनात चमचा पडला तर चारही भिंती त्याची वार्ता देतात. तेच दालन माणसांनी भरले की आवाज जागच्या जागी विरून जातो, जणू कोणी तो हातात झेलून खिशात घातला. मुदपाकखान्याच्या बंद दाराआड उभे राहून, आत ओढल्या गेलेल्या एका खुर्चीच्या आवाजावरून, किती मंडळी येऊन बसली आहेत याचा अंदाज मुनव्वर बांधत असे. आणि तो सहसा चुकत नसे.

वाचनालयामागे एक अरुंद, बिनखिडकीची खोली होती. तिथे कॅप्टन केरिगन यांनी एक फळा लावला होता. केरिगन आयरिश. पहिल्या महायुद्धात ते पोरसवदा वयात एका आयरिश पलटणीबरोबर बसऱ्याहून बगदादच्या वाटेला लागले होते. त्या वाटेवर उन्हाने, पटकीने आणि गोळ्यांनी जी मुले मेली, त्यांची आठवण म्हणून हा फळा. एका मोडीत निघालेल्या बगल्याचे, म्हणजे अरबी गलबताचे, सागवान त्यांनी किनाऱ्यावरून विकत आणले, आणि ज्याला इंग्रजीचे अक्षरही ओळखता येत नव्हते अशा नावा बांधणाऱ्या सुताराकडून स्वतः रचलेली आठ ओळींची कविता त्यावर कोरून घेतली. सुताराने ती वेलबुट्टी कोरावी तशी कोरली होती. फळ्यावर एकही नाव नव्हते.

त्या कवितेचा अर्थ केरिगनसाहेबांनी एकदा आपल्या छावणीतल्या हिंदुस्तानीत समजावून सांगितला होता. मुनव्वरच्या मनात तिच्या दोनच ओळी राहिल्या, त्याही त्याच्या स्वतःच्या भाषेत:

आमच्या नावाचा दगड नाही, आमच्या गावचा पाऊस नाही;
ज्या दारातून कोणी हाक मारील, ते आमचे घर.

दर नोव्हेंबरात, ते युद्ध थांबल्याच्या दिवशी, साहेब आणि त्यांचे काही देशबंधू त्या खोलीत उभे राहत, साहेब कविता वाचत, आणि सारे मान खाली घालून बाहेर पडत. पुढे माणसे कमी होत गेली. कोणाची बदली झाली, कोणी स्पष्टच सांगितले की दुसऱ्याच्या, इंग्रजांच्या राजासाठी मेलेल्यांचे गोडवे गाणे आता आपल्याला शोभत नाही. शेवटी शेवटी साहेब एकटेच वाचत, आणि दाराशी मुनव्वर उभा असे.

एक गोष्ट मात्र त्याच्या कानाला पहिल्यापासून खटकत होती. ती खोली उघडीबोडकी होती. ना गालिचा, ना पडदा, ना एक खुर्ची. तरीही तिथे आवाज घुमत नसे. साहेबांचे शब्द तोंडातून निघून लगेच कुठेतरी बुजून जात. सागवान आवाज शोषत असेल, असे मुनव्वरने स्वतःला समजावले. भोजनगृहातही भिंतभर सागवान होते आणि ते घुमत असे. पण त्या विचाराशी तो थांबला नाही.

३

१९५७ च्या वसंतात केरिगनसाहेबांना डॉक्टरांनी मायदेशी परत जाण्यास सांगितले. त्यांच्या छातीतून बोलताना शिटीसारखा आवाज येत असे. निघण्यापूर्वी एका दुपारी मुनव्वर फळ्याला तेल लावत असताना ते आत येऊन शेजारी उभे राहिले.

“मुनव्वर, तुम्हारा लड़का भी लड़ाई में गया ना? पानी में?”

“जी साहेब.”

“उसका पत्थर किधर है?”

“पत्थर नहीं है, साहेब. हम लोग जुमेरात को खाना रखते हैं. नाम लेते हैं.”

“नाम लेने से क्या होता है?”

मुनव्वर घुटमळला. गोऱ्या माणसासमोर हे बोलावे की बोलू नये? मग तो फळ्याकडे पाहत म्हणाला, “आता है.”

साहेब हसतील अशी त्याची अपेक्षा होती. ते हसले नाहीत. “और जिसका नाम कोई नहीं लेता?”

“वो दरवाजे के बाहर खड़ा रहता है, साहेब. हमारी माँ ऐसा बोलती थी.”

केरिगनसाहेबांनी आपला तळवा फळ्यावर टेकवला. तेल अजून ओले होते, त्याचे त्यांना भान नव्हते. “चालीस साल,” ते म्हणाले. “उधर, हमारे घर में, इनका माँ-बाप भी नाम नहीं लेता. शरम आता है उनको.” थोड्या वेळाने, जवळजवळ विनवणीच्या सुरात, ते पुढे म्हणाले, “तुम बुलाओ इनको. एक बार. मेरे जाने के बाद.”

“नाम तो बताइए, साहेब.”

“नाम बहुत हैं. किसका लोगे, किसका छोड़ोगे?”

नाही म्हणणे मुनव्वरला जमले नाही. केरिगनसाहेबांनी हात पुढे केला, मुनव्वरने तो हातात घेतला, आणि दोघांच्याही पंज्यांना ते तेल लागले.

४

बोलून बसल्यावर त्याला अडचणी दिसू लागल्या. क्लबात ऊद पेटवणे शक्य नव्हते. मुकादमाने दुसऱ्या दिवशी दाराबाहेर काढले असते. परधर्मीयांसाठी वेगळे ताट घरी मांडले असते तर रबियाने आकाशपाताळ एक केले असते. आणि या सर्वांखाली आणखी एक अडचण होती, जिचा विचार तो टाळत होता. त्याच्या आईने उभ्या आयुष्यात नाव न घेता फातेहा कधी दिली नव्हती. लहानपणी एकदा, ती एकापाठोपाठ एक वाडवडिलांची नावे घेत असताना, तो कंटाळून म्हणाला होता की सगळ्यांना मिळून एकदाच बोलाव की. तिने त्याचे तोंड हाताने गच्च दाबून धरले होते. का, ते तिने सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही.

पण दिलेला शब्द होता. शिवाय मुनव्वरला त्या मुलांची खरोखर कणव येत होती. परक्याच्या लढाईत, परक्या मुलखात गेलेला एक मुलगा त्याचाही होता. साहेब बोटीवर चढले त्यानंतरच्या गुरुवारी त्याने नेहमीप्रमाणे अब्बासचे नाव घेतले. मग उचललेले हात तसेच ठेवून, रबियाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, ओठांतल्या ओठांत म्हटले, “आणि ज्यांचं नाव घेणारं कोणी नाही, त्या सगळ्यांना.”

काहीही झाले नाही. बाहेर गल्लीत पाण्याची गाडी ओढणारे गाढव ओरडत होते. अजान झाली. मुनव्वर ताटावरचा रुमाल काढण्यासाठी पुढे वाकला, आणि त्याच्या गुडघ्याचा धक्का लागून ऊददाणीचे पितळी झाकण फरशीवर पडले.

त्या उघड्या खोलीत ते खणखणायला हवे होते. ते पडले, आणि आवाज तिथल्या तिथे संपला.

मुनव्वर वाकलेलाच राहिला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. भरलेल्या दालनाचा आवाज.

“काय ओ?” रबियाने विचारले.

“काही नाय,” तो म्हणाला. आणि त्याचे शब्दही तोंडासमोर बुजून गेले.

५

त्याने आपल्या बुद्धीला कामाला लावले. समुद्रावरून दमट वारा सुटला असेल. नवा चुना अजून ओला असेल. कानात मळ असेल. त्याने कोमट तेल घालून पाहिले. शुक्रवारी खोली पूर्ववत घुमत होती, शनिवारीही. गुरुवारी असरनंतर ती पुन्हा मुकी झाली.

शिऱ्याला वास उरला नव्हता. रबियाने घास तोंडात घातला आणि ती थांबली. “वेलची घातली होती मी,” ती म्हणाली. “तूप घातलं होतं.” तिने डबा उघडून वेलचीचा वास घेतला, पुन्हा ताटाचा घेतला. मुनव्वरने खाऊन पाहिले. ओली माती चघळावी तसे ते लागत होते. मृतांना अन्नाचा वास पोहोचतो, असे त्यांच्या घरात मानत. अब्बासने आजवर त्यातला इतका थोडा नेला होता की मागे राहणाऱ्यांना तो कधी जाणवलाही नव्हता.

पेला कोरडा होता. तळाशी वाळूचे चार कण होते.

आणि रबियाने मान वर करून तो शब्द उच्चारला नाही. अजान झाली, दिवा लागला, तरी ती दाराकडे पाहत बसली होती.

“आज आला नाय हो तो,” ती म्हणाली.

“येईल पुढच्या जुमेराती.”

“माझं काय चुकलं?”

या प्रश्नाचे उत्तर मुनव्वरच्या जिभेवर होते आणि त्याने ते गिळले. पुढच्या गुरुवारी अब्बास आला नाही, त्याच्या पुढच्याही. रबियाने सांदणे केली, त्याला लहानपणी आवडणारी पापलेटाची कढी केली, उजाडताच किनाऱ्यावर जाऊन मासे स्वतः निवडून आणले. वास नाहीसा होत गेला आणि मुलगा येईना. तिने जेवण टाकले. सांगाड्यावर पांघरूण टाकावे तशी तिची ओढणी तिच्या खांद्यांवरून लोंबू लागली.

याच दिवसांत, एका सकाळी, मुनव्वर क्लबातल्या त्या अरुंद खोलीत झाडायला गेला. केरसुणीची मूठ दाराला लागली आणि खोली खणकन वाजली. तो दचकला. त्याने हलकेच खाकरून पाहिले. चारही भिंतींनी ते खाकरणे परत केले. फळा जागेवर होता. सागवान तेच होते. खोली मात्र आता रिकामी होती, आणि ती आजवर रिकामी नव्हती, हे मुनव्वरला तेव्हा कळले.

६

फहाहीलच्या बाजारात दाभोळचा कासम शिंप्याचे दुकान चालवी. मुनव्वरसारख्या कोकणातल्या मंडळींच्या घरी काही कार्य निघाले की फातेहा पढायला त्यालाच बोलावत. मुनव्वर दुपारी त्याच्या दुकानात जाऊन बसला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला.

“मुनव्वरभाय,” मशीन थांबवून कासम म्हणाला, “पायजमा शिवायचाय का पोटातलं ओकायचंय, एक काय ते ठरव. साहेबांच्या बशा पुसून पुसून बशीत भुतं दिसायला लागली का काय?”

मुनव्वरने एका दमात सांगून टाकले. कासमच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली. त्याने दोरा दातांनी तोडला.

“नाव न घेता?”

“नावं ठाऊक नव्हती.”

“मग गप बसायचं होतंस, बाबा!”

“आता त्यांना परत कसं धाडायचं, ते सांग.”

“नावानं बोलावलेल्याला नावानं निरोप देता येतो. ह्यांना कुठल्या तोंडानं म्हणशील, जा म्हणून? कोणाला म्हणशील?” कासमने कापड बाजूला सारले. “आणि जगात काय फक्त तुझ्या साहेबाचीच माणसं बेवारस मेलीत? तू सगळ्यांना म्हणालास. तुझं घर केवढं रे?”

“एक खोली.”

कासमने पुन्हा मशीन सुरू केले. निघताना मात्र तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला. “जिथून आले तिथं ताट मांडून बघ,” तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात विश्वास नव्हता, आणि त्या दिवसापासून तो मुनव्वरच्या गल्लीतून जाईनासा झाला.

मुनव्वरने तेही केले. क्लबात सारे दुपारचे आडवे झाले असताना त्याने डब्यातून नेलेला शिरा फळ्याखाली मांडला, ऊद चिमूटभरच जाळला, आणि हात उचलून सर्वांना तिथे येण्याची विनवणी केली. खोलीने त्याचा प्रत्येक शब्द त्याला जसाच्या तसा परत दिला. शिऱ्याला वेलचीचा सुरेख वास येत होता. तो शिरा कोणीही हुंगला नव्हता.

७

पुढच्या गुरुवारी तो घरी आला तेव्हा रबिया गुणगुणत होती. कित्येक आठवड्यांत तिने केस विंचरले नव्हते, ते आज विंचरले होते. शेगडीवर मोठे पातेले चढले होते.

“इतकं कोणासाठी?” त्याने विचारले.

“मला कळलं सगळं,” ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “तो येतोय हो. एकटा येत नाय, म्हणून मला ओळखू येत नव्हतं. जोडीदारांना घेऊन येतोय. बोटीवरची पोरं असणार ती, त्याच्याबरोबर बुडलेली. किती दिवसांची उपाशी आहेत कोण जाणे. आणि मी मेली एका पोराच्या मापानं रांधत होते.”

मुनव्वर उंबऱ्यातच थांबला. “ती बोटीवरची नायत, रबिया.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

तिला सांगावे असे त्याला वाटले. पण ती त्याच्याकडे अशा चेहऱ्याने पाहत होती, की तो चेहरा पुसून टाकण्याचे धैर्य त्याला झाले नाही. “मला काय ठाऊक असणार,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून ती पुन्हा जेवू लागली. मात्र फातेहाच्या ताटातलेच जेवायची, ज्यात ना वास उरे, ना चव. आणि ते अन्न तिच्या अंगी लागत नव्हते. चटईच्या मध्यावर बसणारी रबिया हळूहळू कडेला गेली, कडेवरून भिंतीशी. “तुम्हीपण सरका ना जरा,” ती कुजबुजे, “केवढी दाटी झालीय.” मुनव्वर सरके. मधली चटई रिकामी दिसे, आणि तिच्यावर हात टेकवण्याचे धाडस त्याला कधी झाले नाही. ज्येष्ठातला उन्हाळा बाहेर भट्टीसारखा फुलला होता. तरी त्या वेळी खोलीत माणसांच्या गर्दीचा दमट उबारा असे.

ती त्याला ‘अब्बासचे बाबा’ म्हणेनाशी झाली होती. नुसते ‘अवो’ म्हणत असे. ते त्याच्या लक्षात आले, आणि त्याबद्दल विचारायला तो धजला नाही.

मग एका गुरुवारी, निखाऱ्यांवर ऊद टाकताना, ती म्हणाली, “आज नाव घेऊ नका.”

“कोणाचं?”

“त्याचं. तुम्ही नाव घेतलं की सगळे गप होतात. तो तर मागंच सरतो. पुढं येतच नाय. बाकीच्यांचं नाव कोणी घेत नाय, आपल्या एकट्याचंच घेतात, म्हणून लाजत असंल. लहानपणीसुद्धा चारचौघांत त्याचं कौतुक केलं की दाराआड जाऊन उभा राहायचा, आठवतं ना?”

“रबिया, आपण दोघांनी नाय घेतलं तर ते नाव जगात कोण घेणार?”

“नावाचं काय करायचंय मला?” ती एकाएकी ओरडली, आणि तो ओरडाही खोलीने गिळला. “तुम्ही पंधरा वर्षं नाव घेतलंत. मला पोर पाहिजे. एकदा माझ्या शेजारी येऊन बसू दे त्याला. एकदाच. मग घ्या नाव.”

मुनव्वरने तिच्या मनगटाकडे पाहिले. बांगडी कोपरापर्यंत चढवता आली असती. बाई फार दिवस काढणार नाही, हे एखाद्या परक्यानेही सांगितले असते. आणि ती मागत होती ती गोष्ट कदाचित, कोण जाणे, खरीच असेल. या घरात बसायला जागा मिळायची ती बिननावाच्यांनाच मिळायची, असा त्याच्या हातून नियम होऊन गेला होता. नाव असलेल्याने उंबऱ्याआत यायचे कसे?

८

अंगणातले दार उघडे होते. मावळतीचे ऊन जमिनीलगत आत येऊन चटईवर लांबट पट्ट्यासारखे पडले होते. मुनव्वरने फातेहा पढली. शेवटच्या आयतीपाशी त्याने हात उचलले, आणि तो थांबला. ‘अब्बास वल्द मुनव्वर.’ ते शब्द ओठांशी तयार होते, इतक्या वर्षांच्या सवयीने आपण होऊन आलेले. समोर भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन रबिया बसली होती आणि त्याच्या ओठांवर नजर रोखून पाहत होती.

त्याने ओठ मिटले. नाव मागे गेले. ते कुठे गेले याची त्याला स्पष्ट जाणीव झाली. काहीतरी जड वस्तू खोल पाण्यात सोडून द्यावी तशी.

“ज्यांचं नाव घेणारं कोणी नाही,” तो म्हणाला, “त्या सगळ्यांना.”

खोली इतकी मुकी झाली, की स्वतःचा श्वासही त्याला ऐकू येईना. मग रबिया भिंतीशी आणखी सरकली, दोन्ही बाजूंना, कोणाला तरी जागा करून देत. आणि उन्हाचा तो पट्टा किंचित खाली उतरला तेव्हा मुनव्वरला दिसले.

चेहरे दिसले नाहीत. त्या उजेडाच्या वर अंधूक होते, आणि वर पाहण्याची त्याची छाती झाली नाही. दिसले ते गुडघे. तिन्ही भिंतींना लागून, एकमेकांना खेटून, दारापर्यंत आणि दाराबाहेर अंगणात, जिथवर ऊन होते तिथवर गुडघे. उन्हाने सोललेले, वाळू चिकटलेले, कोवळ्या पोरांचे. ज्यांना जमिनीवर बसण्याची सवय नाही अशी माणसे बसतात तसे ते बसले होते. पाय जवळ ओढून, गुडघे छातीशी उभे करून, अवघडून, परक्या घरी बसावे तसे.

त्यांत एकाच जागी, रबियापासून फार लांब नाही, एक मांडी होती. नीट घातलेली, सैल, ताटावर बसलेल्या मुलाची मांडी. कोकणातल्या घरात वाढलेला मुलगाच तशी घालतो.

मुनव्वरला फार काही करायचे नव्हते. एक बोट उचलायचे होते. एक शब्द बोलायचा होता, मुलाचे नाव. तो शब्द त्याने जिभेवर शोधला, तो सापडेना, आणि शोधत असताना त्याच्या डोळ्यांदेखत ती मांडी हळूहळू सुटली. एक गुडघा वर आला, मग दुसरा. पाय जवळ ओढले गेले. गुडघे छातीशी उभे राहिले, शेजारच्यांसारखे अवघडून. आणि ऊन विझता विझता मुनव्वरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले, तेव्हा त्यांतले ते कोणते, हे त्याला सांगता येईना.

रबिया पुढे झुकली होती. “तू का रे?” तिने मायेने पहिल्याला विचारले, थोडे थांबली, मग दुसऱ्याला विचारले.